सलीमच्या नावासाठी हेगपर्यंत

हॉलंडहून आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, काय काय पाहिलंत? मी सांगतो, सायकली पाहिल्या, पाणी पाहिलं, आपल्याकडच्या काळ्यापांढऱ्या एचएफ गाईंचं माहेर पाहिलं. एवढं बोलून गप्प बसतो. मुळात मी कमी बोलणारा माणूस. पण हा प्रवास असा अर्धामुर्धा सांगण्यासारखा नाही, आणि अर्धं सांगण्याची खोड मला आधीच महागात पडली आहे. तेव्हा सगळं लिहून काढतो.

आम्ही तिघं गेलो होतो. वडगाव निंबाळकरच्या शकीलाभाभी, त्यांची केस लढणारी, मूळची बारामतीची आणि आता पुण्यात वकिली करणारी मृणाल, आणि मी, काळे. बॉयलर इंजिनिअर. वय पन्नाशीच्या पुढं. इंदापूर तालुक्यातल्या एका खासगी साखर कारखान्यात मी बरीच वर्षं होतो. त्याचं नाव इथं लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

त्या कारखान्यात नवा बॉयलर बसवला तेव्हा त्याची सगळी यंत्रणा हॉलंडच्या एका कंपनीची होती. पाणी कमी झालं की पंखे आपोआप बंद, बगॅस म्हणजे जळणाचं उसाचं चिपाड आत जाणं बंद, आग आपोआप मंद. हंगामाच्या सुरुवातीला आपल्याकडं बॉयलरचं अग्निप्रदीपन करतात. मांडव, होमहवन, भाषणं, आणि मुहूर्तावर बॉयलरमध्ये अग्नी. त्याच दिवशी संध्याकाळी तो बॉयलर फुटला. सलीम शेख, म्हणजे शकीलाभाभींचा नवरा, तिथला बॉयलर अटेंडंट. तो गेला आणि त्याच्याबरोबर दोन फायरमन गेले. तिघंही वडगावचे.

पुढं जे झालं ते वर्तमानपत्रात थोडं आलं, बरंच आलं नाही. चौकशी समिती यायच्या आधी बॉयलरचे तुकडे गॅसकटरनं कापून भंगारात गेले होते. समिती दोनदा बदलली. माहिती मागितली की उत्तर यायचं, तपास चालू आहे. शेवटी अहवाल आला तो असा की बॉयलर अटेंडंटनं हयगय केली, पाणी उतरलेलं दिसत असूनही वेळेत भट्टीतली आग काढली नाही, म्हणजे विझवली नाही. सलीमच्या नावावर खापर फोडून फाइल बंद झाली. वडगावात दुसऱ्या दोन घरांनी भाभींशी बोलणं सोडलं. त्यांची माणसं सलीमनं मारली, असं सरकारनंच लिहून दिलं होतं.

समितीपुढं मीही जबाब दिला होता. त्यात खोटं नव्हतं, पण सगळं नव्हतं. त्याच वर्षी मला बढती मिळाली.

बारामती

मृणालनं मला शोधून काढलं तेव्हा मी तो कारखाना सोडून बारामतीच्या एमआयडीसीत एका डेअरीच्या लहानशा बॉयलरवर होतो. ती कँटीनमध्ये येऊन समोर बसली आणि म्हणाली, "काळे सर, मुंबईपर्यंतचे सगळे दरवाजे वाजवून झाले. आता त्या कंपनीच्या देशाचा वाजवायचाय."

हेगमध्ये एक सरकारी कार्यालय आहे. त्या देशाच्या कंपन्यांनी परदेशात कसं वागावं याचे आंतरराष्ट्रीय नियम ठरलेले आहेत, आणि ते मोडले तर जगातला कुणीही माणूस तिथं तक्रार करू शकतो. ते कोर्ट नव्हे. शिक्षा देत नाही. दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवतं आणि काय आढळलं ते नावानिशी जाहीर करतं. भाभींची तक्रार तिथं दाखल झाली होती, प्राथमिक छाननीतून पुढंही सरकली होती. आता साक्षीदार हवा होता.

मला एक गोष्ट ठाऊक होती. कंपनीच्या इंजिनिअरनं चाचणीच्या वेळी पाणी कमी होताच सगळं आपोआप बंद करणारी ती यंत्रणा एक तार जोडून निकामी केली होती. मुहूर्त हलणार नव्हता आणि त्याचं विमानही हलणार नव्हतं. चाचणी अपुरी असताना त्यानं बॉयलर तयार असल्याची सही केली, तार तशीच ठेवली आणि तो गेला. मी मृणालला म्हटलं, तारेबद्दल सांगेन. एवढंच. ती म्हणाली, "एवढं पुष्कळ आहे, सर."

तिला काय कल्पना, किती उरलं होतं ते.

निघायच्या दिवशी बारामतीच्या स्टँडवर भाभी आल्या त्या हिरव्या नऊवारीत, खांद्यावर शाल, हातात एक पत्र्याचा डबा. सोडायला त्यांची मुलगी आणि दीर. दिरानं मला बाजूला घेतलं. "साहेब, भाभी कधी कोल्हापूरच्या पल्याड गेलेली न्हाय. जरा बघा."

भाभींना ऐकू गेलं. "काय बघायचंय माझ्याकडं? त्यास्नीच बघावं लागंल. तिकिटं कुठं ठेवली इचार जरा साहेबास्नी."

तिकिटं मी घरी टेबलावर विसरलो होतो. मोबाइलमध्ये आहेत म्हणून मृणालनं वेळ मारून नेली, पण पुढं सगळ्या प्रवासात भाभी दर थोड्या वेळानं म्हणत, "साहेब, पासपोर्ट हाय न्हवं?"

विमानतळ, आणि तूप

विमानाबद्दल लिहीत नाही. त्यात बसलं की माणूस पार्सल होतो.

उतरल्यावर मात्र एक प्रसंग झाला. भाभींच्या डब्यात घरच्या गाईचं तूप होतं. सुनावणी घेणाऱ्या बाईंना द्यायला. तपासणीवरच्या गणवेशातल्या पोरसवदा बाईनं डबा उघडला, वास घेतला आणि नकारार्थी मान हलवली. बाहेरच्या देशाचं दुधातुपाचं काही आत नेता येत नाही.

मृणालनं हे सांगितल्यावर भाभी तिच्याकडं बघतच राहिल्या. "गाईंच्या देशात तूप चालत न्हाय?"

"नियम आहे, भाभी."

"आन् ह्यांच्या गाई आमी तितं सांभाळतो ते चालतं व्हय? तिला सांग, ही गाय तुमचीच हाय म्हणावं. तुमच्या गाईचं तूप तुमास्नी परत आणलंय."

मृणालनं खरंच सांगितलं. ती पोरगी हसली, पण डबा ठेवून घेतला. भाभी निघताना तिला म्हणाल्या, "टाकू नगंस गं, खा." मराठीतच. त्या साऱ्या प्रवासात मराठी सोडून दुसऱ्या भाषेत बोलायची त्यांना एकदाही गरज पडली नाही, आणि त्यांचं कुठं अडलंही नाही.

हेग

गाव मोठं नीटनेटकं. घरांच्या खिडक्यांना पडदे नाहीत. रस्त्यावरून जाताना माणसं जेवताना दिसतात आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. रस्त्याच्या कडेला लाल पट्टा असतो, तो सायकलींचा. मी पहिल्याच दिवशी त्यावर उभा राहून ट्रामचा फोटो काढत होतो. मागून एक आजीबाई, सत्तरीच्या तरी असतील, घंटा वाजवत आल्या, मला चुकवलं आणि जाता जाता चांगल्या चार शब्दांत झापलं. भाभी हसून हसून फुटपाथवर बसल्या. "काय बोलली कळलं न्हाय, पण आमच्या सासूवानी बोलली."

न्याहारीला ब्रेड, चीज, आणि ब्रेडवर चॉकलेटचे दाणे. मोठी मोठी माणसं लोण्यावर चॉकलेट भुरभुरून गंभीर चेहऱ्यानं खात होती. भाभींनी पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढून आपल्या लोण्यावर पसरली. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी डोळ्यांनीच विचारलं. त्यांना दिली. ते पाणी प्यायला उठले, आणि परत येऊन आणखी मागितली. चटणी कस्टमच्या बाईनं सोडली होती हे आमचं भाग्य.

दुपारी समुद्राच्या बाजूला एका गाडीवर कच्चा मासा मिळतो. शेपटीला धरून, वर बारीक चिरलेला कांदा घालून, मान मागं टाकून खायचा. मी माळकरी घरातला; मी लांब उभा राहिलो. मृणालनं एक घास खाल्ला आणि तिचा चेहरा बदलला. भाभींनी अख्खा संपवला. "कांदा हाय म्हणजे आपलंच की," म्हणाल्या.

संध्याकाळी आम्ही कालव्याच्या काठानं चालत होतो. नीरेचा कालवा जसा वडगावातून जातो तसे इथं प्रत्येक गल्लीतून कालवे. फरक एवढाच की आपल्याकडं कालव्याला पाणी सुटलं की बातमी होते. मला मात्र दुसरंच आठवत होतं. माझ्या वडिलांचं गाव उजनी धरणाच्या पाण्यात गेलं. मी लहान असताना ते बांधावर उभे राहून पाण्यात बोट दाखवायचे, तिथं आपलं घर, तिथं आपली विहीर. आणि इथं ह्या लोकांनी पाण्याखालची जमीन उपसून वर काढली आणि तिच्यावर गाई चारल्या. माणसानं ठरवलं तर बुडालेलंही वर येतं, असं तेव्हा मनात येऊन गेलं. मग स्वतःचीच लाज वाटली, कारण एक गोष्ट मीच बुडवून ठेवली होती.

गाई

सुनावणीच्या आदल्या दिवशी काही काम नव्हतं. मृणालला कागद वाचायचे होते. भाभी म्हणाल्या, "मला गाई बघायच्यात." तेव्हा आम्ही दोघंच रेल्वेनं गावाबाहेर लांब गेलो. बीटचा हंगाम होता. शेताच्या कडेला बीटचे ढीग, चिखलानं भरलेले, आणि ट्रेलर भरून कारखान्याकडं निघालेले. लांबून धुराडं दिसलं आणि वास आला. तसाच गोड, थोडा जळका. आपल्याकडं ऊस, त्यांच्याकडं बीट, पण साखर शिजताना वास एकच.

पुढं हिरव्या सपाट रानात काळ्यापांढऱ्या गाई. भाभी कुंपणाशी गेल्या. "आगं बया! आपल्याच हायत्या की!"

शेतकरी ट्रॅक्टरवरून उतरून आला. मी इंग्रजीत सांगितलं, ह्या बाईंकडं अशाच तीन गाई आहेत. तो खूश झाला. भाभी मला विचारायच्या, मी त्याला, तो मला, मी भाभींना. किती दूध देती? कासेला दगडीचा रोग होतो का? कालवड झाली तर ठेवता का? त्याच्या गाईचं दूध ऐकून भाभी म्हणाल्या, "लबाड बोलतोय." मी ते भाषांतर केलं नाही. तरी तो समजला, आणि आत जाऊन डेअरीची पावती घेऊन आला. भाभींनी ती उलटीसुलटी पाहिली आणि मान्य केलं. निघताना त्यानं त्यांना चीजचा एक गोल तुकडा दिला.

त्या भलत्या आनंदात होत्या. म्हणाल्या, "सलीमला लई नाद हुता हे बघायचा. म्हणायचा, एकडाव जाऊ."

मग मला राहवलं नाही. कुंपणाला टेकून मी सांगायला सुरुवात केली. त्या दिवशी जे सांगितलं तेच इथं लिहितो.

सकाळी अग्नी टाकला. मालक आणि मालकीणबाईंच्या हातून. आमच्या कारखान्यात पद्धत होती, आणि बऱ्याच ठिकाणी आहे, की पूजेचा अग्नी त्या दिवशी विझवायचा नाही. विझवला तर हंगाम लाभत नाही म्हणतात. दुपारनंतर सलीम माझ्याकडं आला. मी मांडवात होतो, पाहुण्यांच्या पंगतीत वाढत होतो. तो बाहेरच थांबला, कामाच्या कपड्यांत होता म्हणून. मी गेलो. तो म्हणाला, "साहेब, बॉयलरच्या काचेत पाणी उतरायलंय. पंप धरत न्हाय. आन् पंखे आपोआप बंद व्हायला पायजे हुते, ते झाले न्हाईत. आग काढू या."

मला तार माहीत होती. आग काढायलाच हवी होती हेही माहीत होतं. मी म्हटलं, "पूजेचा अग्नी आहे, सलीम. पाहुणे जाईपर्यंत थांब. मंद ठेव."

तो गेला नाही. मग म्हणाला, "साहेब, दुसरा कुणी असता तर त्यानं काढली असती. म्या काढली तर लोक काय म्हणतील, तुमास्नी म्हाईत हाय. उद्या काय बी कमी जास्त झालं तर म्हणतील, पूजेची आग शेखानं इझवली. तुमी सांगा, मंग काढतो. तुमी नुसतं सांगा."

मी सांगितलं नाही. मी परत पंगतीत गेलो. श्रीखंड वाढायला.

समितीनं मला विचारलं होतं, अटेंडंटनं आग काढली का? मी म्हटलं, नाही. खरंच काढली नव्हती. त्यानं परवानगी मागितली होती का, हे कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

भाभी ऐकत होत्या. एका गाईनं कुंपणावरून तोंड पुढं केलं, तिच्या कपाळावर त्यांचा हात होता, तो तसाच राहिला. मग त्यांनी तो काढून घेतला.

"तुमी माझ्या घरी जेवलाय," त्या म्हणाल्या.

"हो."

"त्याच्या चाळिसाव्या दिसाला आलावता. माझ्या पोरीच्या डोक्यावर हात ठिवलावता."

मी पुन्हा हो म्हटलं.

"त्या दोन घरातल्या बाया माझ्या दारावरनं तोंड फिरवून जात्यात. पाण्याला गेलं तर नळावरनं हांडा उचलून निघून जात्यात. मी म्हणायची, जाऊ दे, त्येंचं बी गेलंय. मला बी कधीमधी वाटायचं, खरंच का चुकलं आसंल त्याचं? माझ्या नवऱ्यावर म्या शक घेतला, साहेब. तुमच्यामुळं." त्यांचा आवाज चढला नव्हता. "आन् तुमी आता मला हितं आणून सांगताय. गाईंपाशी."

"चुकलो, भाभी."

"मला कशाला सांगताय? मला सांगून काय व्हणार हाय? उद्या त्येंच्या म्होरं सांगा. आन् मंग आपल्या मुलखात सांगा. सगळ्यास्नी."

परत येताना रेल्वेत त्या माझ्या शेजारी बसल्या नाहीत. उतरताना मात्र मागं वळून म्हणाल्या, "पासपोर्ट हाय न्हवं?"

मृणालला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ पेन टेबलावर आपटत राहिली. "सर, कंपनीचा वकील ह्याच्यावर झेप घेणार. म्हणेल, चूक तुमच्याच माणसाची. आपली केस जाऊ शकते. तुमच्यावर तिकडं गुन्हा दाखल होऊ शकतो." मग ती म्हणाली, "आधी का नाही सांगितलंत?" बढती होती, मुलाचं इंजिनिअरिंग होतं, ही कारणं आहेत, उत्तर नव्हे.

सुनावणी

मोठी खोली, लांब टेबल, सगळ्यांना सारख्या खुर्च्या. अध्यक्ष एक पांढऱ्या केसांच्या बाई. त्यांनी स्वतः उठून भाभींना कॉफी ओतून दिली. इंदापूरला आम्ही साहेबांच्या केबिनबाहेर बाकड्यावर बसायचो, आणि आत गेलो की उभे राहायचो. इथं अध्यक्षच किटली घेऊन उभ्या, आणि वडगावची बाई बसलेली. माझी मान ताठ झाली, माझा काही संबंध नसताना.

दुभाषी म्हणून एक शांतीबाई आल्या होत्या. त्यांचे पणजोबा बिहारमधून जहाजात घालून सुरिनामला उसाच्या मळ्यांवर नेलेले; तिथून त्यांचं कुटुंब हॉलंडला आलं. त्या गोड, जुनी हिंदी बोलायच्या. कार्यालयानं गृहीत धरलं होतं की भारतातल्या मुसलमान बाई म्हणजे हिंदी. शांतीबाईंनी विचारलं, हिंदी चलेगी ना, बहन?

भाभींना हिंदी चांगली येते. त्या मृणालकडं वळून म्हणाल्या, "त्यास्नी सांग, बाई लई चांगली हाय, पर मी मराठीतच बोलणार. सलीमनं साहेबास्नी मराठीतच सांगितलंवतं आग काढू म्हणून. मी बी मराठीतच सांगणार."

अध्यक्षांनी थोडा विचार करून परवानगी दिली. मृणाल भाषांतर करेल, आणि शांतीबाई जवळ बसून जिथं समजेल तिथं पडताळतील. अशा रीतीनं हेगच्या त्या सरकारी खोलीत आमच्या नीराकाठची मराठी बोलली गेली. वकिलांनी ती लिहून घेतली. मला त्या क्षणी जो अभिमान वाटला तो कुठल्याच बढतीत वाटला नव्हता.

कंपनीचा वकील उंच, अतिशय सभ्य. त्यानं आधी दुःख व्यक्त केलं. मग आमच्याच सरकारी अहवालातलं वाक्य वाचलं: अटेंडंटनं वेळेत आग काढली नाही. त्याच्या शेजारी तो इंजिनिअर बसला होता. आमच्या गेस्ट हाउसमध्ये त्यानं पिठलंभाकरी हातानं खाल्ली होती, सलीमला खांद्यावर थोपटून 'गुड मॅन' म्हटलं होतं. आता तो माझ्याकडं बघत नव्हता.

माझी पाळी आली. मी इंग्रजीत बोलू शकलो असतो. पण भाभींना प्रत्येक शब्द थेट कळायला हवा होता, म्हणून मीही मराठीत बोललो. तारेबद्दल सांगितलं. मग मांडवाबाहेर सलीम काय म्हणाला ते, त्याच्याच शब्दांत. आणि मी काय केलं ते. पूजेचा अग्नी न विझवण्याचं त्यांना समजावून सांगताना मृणाल अडखळली. अध्यक्षांनी विचारलं, हा लिखित नियम होता का? मी म्हटलं, नाही. सगळ्यांना माहीत असलेला होता. आणि सलीमला तो मोडायचा अधिकार सगळ्यात कमी होता, म्हणून तो माझ्याकडं आला होता. मला तो अधिकार होता.

वकिलानं पेन खाली ठेवलं. मृणालनं सांगितलं होतं तसंच झालं. "म्हणजे निर्णय तुमचा होता. आमच्या अशिलाचा नव्हे."

मी होकार देणार होतो. तेवढ्यात भाभींनी टेबलावर हात ठेवला. जोरात नाही.

"आता मी बोलू का?"

अध्यक्ष म्हणाल्या, बोला.

"ह्या साहेबांची चूक ह्यांच्या पदरात. ती मी सोडणार न्हाय. आमी आमच्या मुलखात बघून घिऊ." मग त्यांनी इंजिनिअरकडं पाहिलं. "तुझी चूक तुझ्या पदरात. तू तार लावलीस, सही केलीस आन् इमानात बसलास. दोघांचं मिळून माझ्या नवऱ्याच्या पदरात टाकू नका. त्याचा पदर मी धुवून आणलाय. बघा."

मृणालनं हे कसं भाषांतर केलं ते मला आठवत नाही. शांतीबाईंनी मध्येच डच भाषेत काही भर घातली, आणि डोळे पुसले. इंजिनिअरनं वकिलाच्या कानात काही सांगितलं. वकिलानं नाही म्हणून मान हलवली. इंजिनिअरनं पुन्हा सांगितलं. मग वकील आमच्याकडं न बघताच म्हणाला, कंपनी तारेबाबतची वस्तुस्थिती नाकारणार नाही.

एवढंच. त्यापुढं बरंच काही ठरलं: कंपनीनं आपल्या बाजूनं चौकशी करावी, ती कार्यालयाच्या देखरेखीखाली व्हावी, आमच्या मागण्या पुढच्या बैठकीत. मी मात्र त्या एका वाक्यावर अडलो होतो. आमच्याकडं भंगारात गेलेली गोष्ट इथं टेबलावर आली होती.

बाहेर पडल्यावर शांतीबाईंनी आम्हाला एका साध्या सुरिनामी हॉटेलात नेलं. पातळ, मोठी रोटी, आत डाळीचं पुरण भरल्यासारखं, बरोबर बटाटा आणि लांब शेंगांची भाजी. सातासमुद्रापार उसाच्या मजुरांनी जपलेलं जेवण. भाभींनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "मीठ बरोबर हाय." मग रोटीची टोपली माझ्याकडं सरकवली. मी एक घेतली.

इंदापूर, वडगाव

परत आल्यावर मी आधी इंदापूरला पोलिसांत गेलो. ठाणे अंमलदार म्हणाले, "साहेब, बंद झालेलं प्रकरण कशाला उकरताय? तुमचंच नाव येतंय त्यात." मी म्हटलं, तेच यायला हवंय. जबाब लिहून द्यायला मला दोन खेपा घालाव्या लागल्या, कारण पहिल्यांदा त्यांनी घेतलाच नाही. दुसऱ्या खेपेला मृणाल बरोबर आली. आता माझ्यावर काय कारवाई होते ते होवो. डेअरीच्या मालकांना मी सांगून टाकलं; त्यांनी मला अजून कामावरून काढलेलं नाही.

मग हेगहून पहिलं निवेदन आलं. अंतिम नव्हे. पण त्यात स्पष्ट लिहिलं आहे की उपलब्ध साक्षीनुसार बॉयलर अटेंडंटनं धोका ओळखला होता आणि आग काढण्याची परवानगी मागितली होती. ती वरिष्ठांनी दिली नाही. आणि सुरक्षा यंत्रणा कंपनीच्या माणसानं बंद केलेली होती.

भाभी म्हणाल्या, ग्रामसभेत वाचायचं. आणि मृणालनं नाही, साहेबांनी वाचायचं.

ग्रामपंचायतीपुढच्या पटांगणात सतरंज्या घातलेल्या. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या. माईक खरखरत होता. सरपंचांनी विषय पुकारला आणि माझ्याकडं माईक दिला. मी कागदावरचं मराठीत वाचलं. 'वरिष्ठ' ह्या शब्दाशी आलो तेव्हा थांबलो आणि म्हटलं, वरिष्ठ म्हणजे मी. मग पुढचं वाचलं. खाली बघूनच वाचत होतो. संपल्यावर मान वर केली.

पुढच्या ओळीत दत्तूतात्या बसले होते. मेलेल्या दोन फायरमनपैकी एक त्यांचा मुलगा. इतकी वर्षं ते सलीमच्या घराकडं बघतही नव्हते. ते हळूहळू उठले, गुडघ्यावर हात ठेवून. मला वाटलं, आता मला शिव्या देतील. त्यांचा तो हक्क होता. त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. ते बायकांच्या बाजूला बघत होते, जिथं त्यांची सून, त्याच मुलाची बायको, बसली होती, आणि तिच्यापासून बरंच अंतर सोडून शकीलाभाभी.

"साहेब," तात्या म्हणाले, "सलीमचं परत वाचा. मोठ्यानं. तिकडं आमच्या सुनंला ऐकू आलं न्हाय."